तीन डब्ल्यू ठेवायचे की उडवायचे? रँकिंगला धक्का न लावता साइटचा एकच पत्ता पक्का करायची पद्धत

एक छोटी टेस्ट करा. इनकॉग्निटो विंडो उघडा आणि तुमच्या साइटचा पत्ता चार वेळा हाताने टाइप करा, एकदा एचटीटीपी आणि तीन डब्ल्यूसकट, एकदा एचटीटीपी पण डब्ल्यूशिवाय, मग हेच दोन प्रकार एचटीटीपीएस लावून. चारही वेळा साइट उघडली ना? छान, पण खरी गंमत वरच्या पट्टीत आहे. तिथे क्लिक करून पूर्ण पत्ता बघा, कारण क्रोम एचटीटीपीएस आणि तीन डब्ल्यू दोन्ही लपवून ठेवतं, नुसतं बघून काही कळत नाही. चारही वेळा शेवटी एकाच पत्त्यावर पोचलात तर निम्मं काम कोणीतरी, बहुतेक तुमच्या होस्टिंगवाल्याने, आधीच करून ठेवलेलं असावं (पक्कं कसं तपासायचं ते पायरी २ मध्ये). दोन-तीन वेगवेगळे पत्ते दिसले तर मात्र निवांत बसून पुढचं वाचा.

मला हा प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय की आता उत्तर पाठ झालंय. कुठला पत्ता निवडता याने रँकिंगला काही फरक पडत नाही, निवडून झाल्यावर काम अर्धवट सोडलंत तर पडतो. ट्रॅफिक पडलं म्हणून घाबरून दाखवायला आणलेल्या साइट्सवर मी बहुतेक वेळा हेच बघितलंय, रिडायरेक्ट (एका पत्त्यावरून दुसऱ्यावर आपोआप पाठवणारी सोय) एकीकडे बोट दाखवतंय, कॅनॉनिकल टॅग (पानाचा खरा पत्ता सांगणारी ओळ) दुसरीकडे आणि साइटमॅप (सर्च इंजिनसाठी केलेली पानांची यादी) बिचारा अजून जुन्याच घरी राहतोय.

सोयीसाठी इथे तीन डब्ल्यू असलेल्या पत्त्याला मी "डब्ल्यूवाला" म्हणणार आणि नसलेल्याला "नुसता", नाहीतर लिहून लिहून बोटं दुखतील.

साइट एकच, मग पत्ते वेगळे कसे?

आपल्याला वाटतं तीन डब्ल्यू म्हणजे पत्त्याची सजावट. तसं नाहीये. डीएनएस म्हणजे नावावरून सर्व्हर शोधून देणारी यंत्रणा, तिच्या नजरेत तो एक साधा सबडोमेन आहे, म्हणजे डोमेनच्या आधी जोडलेलं उपनाव, मेल किंवा शॉप नावाचा सबडोमेन असतो तसाच. पूर्वी एका संस्थेच्या मशीन्सना कामाप्रमाणे नावं द्यायची पद्धत होती, फाइली देणाऱ्या मशीनला एफटीपी, मेलवाल्या मशीनला मेल आणि वेबपेजं देणाऱ्या मशीनला डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू, त्यातून ही सवय सगळ्यांना लागली. नियम कधीच नव्हता. उलट जगातली पहिली वेबसाइट, टिम बर्नर्स-ली यांनी सर्नमध्ये बनवलेली, तिच्या पत्त्यात तीन डब्ल्यू नव्हतेच, पत्ता होता इन्फो डॉट सर्न डॉट सीएच.

तर दोन नावांवर दोन पूर्ण वेगळ्या साइट चालवता येतात, म्हणून सर्च इंजिन आधीच धरून चालत नाही की दोन्हीकडे तेच आहे, ते दोन्ही पत्ते वेगळे मोजतं. त्यात एचटीटीपी आणि एचटीटीपीएस आले की दोनाचे चार झाले. शिवाय आतल्या पानांच्या पत्त्याच्या शेवटी स्लॅश आहे की नाही यानेही पत्ता बदलतो, अक्षरं कॅपिटल की स्मॉल यानेही बदलतो (डोमेनच्या नावात कॅपिटल-स्मॉलने फरक पडत नाही, त्याच्या पुढच्या भागात पडतो, आणि होमपेजच्या शेवटच्या स्लॅशची चिंता करू नका).

आता यावर लोक लगेच "डुप्लिकेट कंटेंटची पेनल्टी" म्हणून घाबरवतात. अशा साध्या डुप्लिकेटसाठी गूगल शिक्षा वगैरे करत नाही. ते सारख्या पानांचा एक गट करतं आणि त्यातला एक पत्ता मुख्य म्हणून निवडतं, यालाच कॅनॉनिकल म्हणतात. तुम्ही नीट सांगितलं नाही तर ही निवड गूगल स्वतः करतं आणि ती तुम्हाला हवी तशीच होईल याची खात्री नाही. आज एका पानासाठी डब्ल्यूवाला, दुसऱ्यासाठी नुसता, असा घोळ होतो, क्रॉलर (पानं वाचत फिरणारा प्रोग्राम) एकच पान दोनदा-चारदा आणत बसतो, तुमच्या आकडेवारीतही एका पानाच्या दोन ओळी दिसतात. नुकसान होतं ते असं, हळूहळू.

पायरी १: निवड

एचटीटीपी की एचटीटीपीएस हा प्रश्नच नाही, एचटीटीपीएस. गूगलने ऑगस्ट २०१४ मध्येच सांगितलं की एचटीटीपीएस हा रँकिंगमधला एक छोटा संकेत आहे, आणि जुलै २०१८ मध्ये आलेल्या क्रोम ६८ पासून साध्या एचटीटीपी पानावर "सुरक्षित नाही" असा शिक्का दिसायला लागला. त्यासाठी लागणारं सर्टिफिकेट (साइटची ओळख पटवणारा डिजिटल दाखला) लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेकडून फुकट मिळतं, त्यामुळे सबब उरली नाही.

खरा वाद डब्ल्यूचा. साइट नवीकोरी असेल तर दोन्ही चालतात, पण आतल्या दोन गोष्टी माहीत असू द्या. पहिली डीएनएसची. डब्ल्यूवाल्या नावाला सीनेम रेकॉर्ड लावता येतो, म्हणजे "हे नाव त्या दुसऱ्या नावाकडे बघ" असं सांगता येतं, नुसत्या डोमेनला तो लावता येत नाही, कारण तिथे एनएस आणि एसओए हे डोमेनचे मूलभूत रेकॉर्ड आधीपासून असतात आणि सीनेम दुसऱ्या कुठल्या रेकॉर्डशेजारी राहू शकत नाही. नुसत्या नावाला मग ए रेकॉर्डमध्ये सरळ आयपी, म्हणजे सर्व्हरचा आकडी पत्ता, लिहावा लागतो. होस्टिंगवाल्याने आयपी बदलला तर सीनेमवाला आपोआप नव्या ठिकाणी जातो, ए रेकॉर्डवाला तसाच लटकतो. यावर काही डीएनएस कंपन्यांनी एलियस किंवा सीनेम फ्लॅटनिंग असा तोडगा काढलाय, क्लाउडफ्लेअरकडे तो आहे, पण सगळ्यांकडे असेलच असं नाही, आधी विचारून घ्या.

दुसरी कुकीजची. नुसत्या डोमेनच्या नावाने कुकी सगळ्यांसाठी खुली ठेवली की ती प्रत्येक सबडोमेनला जाते, फोटो देणाऱ्या सबडोमेनलाही आणि टेस्टिंगच्या सबडोमेनलाही. डब्ल्यूवाल्यावर साइट असेल तर कुकी तिथल्या तिथे बांधून ठेवणं सोपं जातं. पाच पानांच्या साइटला याचं काही सोयरसुतक नाही.

माझं मत विचाराल तर एकट्या-दुकट्याची साइट, पोर्टफोलिओ, छोटं दुकान असेल तर नुसता घ्या, बोलायला सोपा, कार्डावर छापायला सोपा. पुढे ॲप, हेल्प, शॉप असे पाच-सहा सबडोमेन काढायचा विचार असेल तर डब्ल्यूवाला घ्या. आणि काही ठरतच नसेल तर नाणं उडवा, खरंच, यावर दोन दिवस घालवण्याइतका हा प्रश्न मोठा नाही.

जुन्या साइटसाठी मात्र नाणं उडवायचं नाही. तिथे आपली आवड गुंडाळून ठेवायची आणि आधी बघायचं की गूगलने काय निवडून ठेवलंय.

पायरी २: सध्या काय चाललंय ते बघा

सर्च कन्सोल हे साइटमालकांसाठीचं गूगलचं फुकट टूल, तिथे यूआरएल इन्स्पेक्शन आहे, त्यात होमपेज आणि सगळ्यात जास्त ट्रॅफिक आणणारी आठ-दहा पानं एकेक करून टाका. प्रत्येकासाठी दोन ओळी दिसतील, तुम्ही सांगितलेला कॅनॉनिकल आणि गूगलने निवडलेला कॅनॉनिकल. दुसरी ओळ महत्त्वाची. दहापैकी नऊ पानांना गूगलने डब्ल्यूवाला धरलाय, बाहेरचे लोकही त्याच पत्त्याला लिंक देतायत, तर विषय संपला, तोच ठेवा. फक्त आता नुसता दिसायला छान वाटतो म्हणून वर्षानुवर्षं रुळलेला पत्ता हलवू नका, व्यवस्थित केलं तर नुकसान होत नाही हे खरं, पण फायदाही शून्य आहे आणि मधले काही आठवडे रँकिंग वरखाली होताना बघून झोप उडते ती वेगळीच.

बघताना एक पथ्य पाळा. ब्राउझरवर विश्वास ठेवू नका. हल्लीचं क्रोम एचटीटीपी टाइप केलं तरी स्वतःच आधी एचटीटीपीएस करून बघतं, त्यामुळे तुमच्या सर्व्हरवर रिडायरेक्ट नसलं तरी आहे असं वाटतं. शिवाय ३०१, म्हणजे कायमचं रिडायरेक्ट, ब्राउझर लक्षात ठेवतो, सर्व्हरवरचं काढून टाकलंत तरी तुमच्या मशीनवर ते होतच राहतं आणि आपण डोकं खाजवत बसतो. कर्ल नावाची कमांड आहे, तिला हायफन कॅपिटल आय लावून पत्ता द्या, सर्व्हर नेमकं काय उत्तर देतोय, २०० (पान इथेच आहे) की ३०१ की ३०२ (तात्पुरतं रिडायरेक्ट), आणि कुठे पाठवतोय ते कोरडं समोर येतं. कमांडची भीती वाटत असेल तर रिडायरेक्ट तपासून देणाऱ्या फुकट साइट आहेत, तेही चालेल.

पायरी ३: काहीही हलवायच्या आधी

बॅकअप. फाइली आणि डेटाबेस दोन्ही, आणि तो उघडतोय का तेही बघा.

मग डीएनएस. ज्या नावावर साइट राहणार नाही तेही नाव डीएनएसमध्ये असायलाच हवं, नाहीतर रिडायरेक्ट करायला तिथपर्यंत कोणी पोचणारच नाही. नवशिके इथे एक रेकॉर्ड उडवतात, "आता डब्ल्यूवाला नको ना, मग काढून टाकू", आणि जुन्या सगळ्या लिंक मेल्या. रेकॉर्ड बदलणार असाल तर एक-दोन दिवस आधी टीटीएल (रेकॉर्ड किती वेळ लक्षात ठेवायचा तो आकडा) कमी करून ठेवा, ८६,४०० सेकंद म्हणजे पूर्ण एक दिवस असेल तर ३०० करा, म्हणजे काही चुकलं तर पाच मिनिटांत मागे फिरता येतं.

आणि सर्टिफिकेट. हे जरा नीट समजून घ्या, कारण भले भले इथे फसतात. कोणी तुमच्या जुन्या एचटीटीपीएस पत्त्यावर आलं की ब्राउझर आधी सर्टिफिकेट बघतो आणि मग सर्व्हरचं म्हणणं ऐकतो. म्हणजे रिडायरेक्ट सांगायची वेळ येते ती सर्टिफिकेट पास झाल्यावर. ज्या नावावरून फक्त पुढे पाठवायचंय त्या नावालाही सर्टिफिकेट लागतं, नसेल तर माणसाला लाल धोक्याची पाटी दिसते आणि तो पळतो. आणखी एक, ज्याला वाइल्डकार्ड सर्टिफिकेट म्हणतात, तारा (*) डॉट डोमेन असं, ते एका पातळीवरच्या सगळ्या सबडोमेनना चालतं पण नुसत्या डोमेनला चालत नाही, त्याचं नाव वेगळं घालावं लागतं.

पायरी ४: साइटच्या आतली सेटिंग

वर्डप्रेस असेल तर सेटिंग्जमध्ये जनरल, तिथे दोन रकाने आहेत, वर्डप्रेस ॲड्रेस आणि साइट ॲड्रेस. दोन्हीकडे तोच पत्ता, एचटीटीपीएस आणि डब्ल्यू असतील तर डब्ल्यूसकट, शेवटी स्लॅश नको. सेव्ह करायच्या आधी त्या पत्त्यावर साइट खरोखर उघडते ना ते दुसऱ्या टॅबमध्ये बघा, नाहीतर स्वतःच्याच साइटबाहेर कुलूप लागेल, लॉगिन करायला जाल तर ती तुम्हाला न उघडणाऱ्या पत्त्यावर ढकलेल. झालंच तसं तर घाबरू नका, डब्ल्यूपी-कॉन्फिग फाइलमध्ये होम आणि साइट-यूआरएल या दोन किमती हाताने लिहिल्या की परत आत जाता येतं.

जुन्या लेखांमधले पत्ते याने बदलत नाहीत. ते बदलायला शोधा-आणि-बदला करणारं प्लगिन वापरा, किंवा डब्ल्यूपी-सीएलआय (वर्डप्रेस कमांडने चालवायचं टूल) येत असेल तर त्यातली सर्च-रिप्लेस कमांड. डेटाबेसमध्ये हात घालून सरळ एसक्यूएल चालवू नका. कारण वर्डप्रेस काही सेटिंग अशा प्रकारे साठवतं की मजकुरासोबत त्याची लांबीही आकड्यात लिहिलेली असते, तुम्ही तीन डब्ल्यू आणि डॉट काढला की मजकूर चार अक्षरांनी कमी झाला पण लिहिलेला आकडा तोच राहिला, आणि मग विजेट गायब, थीमची सेटिंग गायब. प्लगिन तो आकडाही दुरुस्त करतं.

तयार बिल्डर वापरत असाल तर काम सोपं, बहुतेकांकडे डोमेनच्या सेटिंगमध्ये "प्रायमरी डोमेन" असा पर्याय असतो, निवडा, बाकीचं रिडायरेक्ट तेच करतात. तरी कर्लने बघाच.

पायरी ५: रिडायरेक्ट, सगळ्यात महत्त्वाचं

नको असलेल्या तिन्ही प्रकारांवरून हव्या असलेल्या एका पत्त्यावर ३०१ रिडायरेक्ट. ३०१ म्हणजे "कायमचं घर बदललं", ३०२ म्हणजे "तात्पुरतं शेजारी राहतोय". गूगल ३०१ ला नवा पत्ता मुख्य धरण्याचा पक्का संकेत मानतं, ३०२ ला कच्चा. तरीही टेस्ट करताना पहिले काही तास ३०२ च ठेवा असं मी सांगेन, ब्राउझर ३०१ लक्षात ठेवतो हे वर आलंच, चुकीचं ३०१ लोकांच्या ब्राउझरमध्ये जाऊन बसलं की तुमच्या हातात काही राहत नाही. सगळं नीट चाललंय दिसलं की ३०१ करा, आणि हे विसरू नका, कारण ३०२ वर वर्षभर राहिलेल्या साइट मी पाहिल्यात.

रिडायरेक्टने पानाचं मूल्य गळतं, रँकिंगचा काही भाग वाया जातो अशी जुनी समजूत अजून फिरते. गूगलच्या लोकांनी २०१६ मध्येच स्पष्ट केलंय की ३०० च्या घरातल्या रिडायरेक्टने पेजरँक, म्हणजे लिंकमधून पानाला मिळणारं मूल्य, कमी होत नाही. त्यामुळे त्या भीतीने रिडायरेक्ट टाळू नका.

आता पथ्यं. पान तसंच्या तसं पुढे गेलं पाहिजे. जुन्या पत्त्यावरचं "आमच्याविषयी" पान नव्या पत्त्यावरच्या "आमच्याविषयी" वरच उतरलं पाहिजे, प्रश्नचिन्हाच्या पुढे काही असेल तर तेही सोबत. सगळ्या पानांना होमपेजवर नेऊन सोडणं ही सगळ्यात महागडी चूक, कारण गूगल अशा रिडायरेक्टला बरेचदा सॉफ्ट ४०४ धरतं, म्हणजे "पान नाहीये" असंच समजतं, आणि त्या पानाने कमावलेलं सगळं पाण्यात.

दुसरं, एका उडीत पोचवा. एचटीटीपी डब्ल्यूवाला, तिथून एचटीटीपीएस डब्ल्यूवाला, तिथून एचटीटीपीएस नुसता, तिथून स्लॅशवाला, अशी आगगाडी नको. गूगलबॉट (गूगलचा क्रॉलर) दहा उड्यांपर्यंत मागे येतो, पण तो येतो म्हणून आपण त्याला पळवायचं का? मोबाइलवर मंद नेट असलेल्या माणसाला प्रत्येक उडी जाणवते.

अपाचे सर्व्हरवर हे काम एचटीॲक्सेस फाइलमध्ये रीराइटच्या नियमाने होतं, एन्जिनएक्सवर नको असलेल्या नावाचा वेगळा सर्व्हर ब्लॉक काढून त्यात रिटर्न ३०१ लिहायचं. एन्जिनएक्समध्ये पुढे रिक्वेस्ट-यूआरआय हे व्हेरिएबल लावायला विसरू नका, पानाचा पत्ता आणि प्रश्नचिन्हाच्या पुढचं सगळं तेच वाहून नेतं. नेमक्या ओळी सर्व्हरच्या स्वतःच्या डॉक्युमेंटेशनमधून घ्या, कुठूनतरी उचललेला अर्धा नियम चिकटवू नका.

"टू मेनी रिडायरेक्ट्स" अशी एरर आली तर दोन ठिकाणी दोन वेगळे हुकूम आहेत असं समजा. नेहमीचे दोन आरोपी आहेत. एक, सर्व्हर म्हणतोय डब्ल्यू काढा आणि वर्डप्रेस म्हणतंय डब्ल्यू लावा, दोघं चेंडू एकमेकांकडे टोलवत बसतात. दुसरा, क्लाउडफ्लेअरमध्ये (वाचक आणि तुमचा सर्व्हर यांच्या मध्ये ते बसलेलं असतं) एसएसएल "फ्लेक्सिबल" वर आहे, म्हणजे ते तुमच्या सर्व्हरशी एचटीटीपीवर बोलतंय, आणि सर्व्हर प्रत्येक वेळी म्हणतोय एचटीटीपीएसवर या. सर्व्हरवर धड सर्टिफिकेट लावा आणि ते सेटिंग "फुल स्ट्रिक्ट" करा, फेरा सुटतो.

माझी एक फजिती इथेच सांगतो. एका ओळखीच्यांचं ऑनलाइन दुकान मी डब्ल्यूवाल्यावरून नुसत्यावर आणलं, सगळं तपासलं, पानं छान उघडत होती, म्हणून समाधानाने झोपलो. सकाळी फोन, लोकांचे पैसे कापले जातायत पण ऑर्डर "पेंडिंग" च दिसतायत. पेमेंट गेटवे पैसे मिळाले की आपल्या साइटला मागच्या दाराने निरोप पाठवतो, त्याला वेबहुक म्हणतात, आणि त्या गेटवेच्या सेटिंगमध्ये पत्ता जुनाच होता. निरोप जुन्या पत्त्यावर यायचा, तिथे त्याला ३०१ मिळायचं आणि विषय तिथेच संपायचा. असे निरोप पाठवणारे बरेच प्रोग्राम रिडायरेक्टच्या मागे जातच नाहीत, आणि जे जातात त्यातले बरेच जण ३०१ मिळाल्यावर पोस्ट (माहिती सोबत आणणाऱ्या) रिक्वेस्टची गेट (नुसतं पान मागणारी) करून टाकतात, म्हणजे निरोप पोचला तरी पाकीट रिकामं. ३०८ नावाचा कोड आहे, तो ३०१ सारखाच कायमचा पण पोस्टला पोस्टच ठेवतो, तरी खरं औषध म्हणजे गेटवेत जाऊन पत्ता बदलणं. तेव्हापासून मी साइट हलवायच्या आधी बाहेरच्या कोणाकोणाला आपला पत्ता देऊन ठेवलाय त्याची यादी करतो. पेमेंट, "गूगलने लॉगिन करा" वाला बटण (तिथे परत यायचा पत्ता अक्षरन् अक्षर जुळावा लागतो), मेल पाठवणारी सर्व्हिस, मोबाइल ॲप. लॉगिन केलेल्या लोकांना एकदा परत लॉगिन करावं लागेल हेही आधीच सांगून ठेवा, कुकी जुन्या नावाला बांधलेली असेल तर ती नव्यावर येत नाही.

पायरी ६: कॅनॉनिकल, आतल्या लिंक, साइटमॅप

कॅनॉनिकल टॅग फेब्रुवारी २००९ मध्ये गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट तिघांनी मिळून जाहीर केला, पानाच्या हेडमध्ये एक ओळ की "या पानाचा खरा पत्ता हा". प्रत्येक पानाने स्वतःचाच पक्का पत्ता त्यात पूर्ण लिहायचा, एचटीटीपीएसपासून सुरू करून, अर्धा पत्ता लिहायचा नाही. बऱ्याच एसईओ प्लगिनमध्ये हे आपोआप होतं, पण एखादं पान उघडून सोर्स बघा, थीममध्ये कोणीतरी जुना पत्ता हाताने ठोकून ठेवलेला असतो.

टॅग असला म्हणजे रिडायरेक्ट नको असं नाही. टॅग हा इशारा आहे, गूगल तो ऐकेलही किंवा नाहीही. रिडायरेक्ट सर्च इंजिनलाही आणि माणसालाही लागू होतं. आणि दोघांची दिशा एकच हवी. रिडायरेक्ट नुसत्याकडे आणि कॅनॉनिकल डब्ल्यूवाल्याकडे, असं असेल तर तुम्ही गूगलला गोल गोल फिरवताय.

मेनू, फुटर, लेखातल्या लिंक, फोटोंचे पत्ते, सगळे नव्या पत्त्याचे करा. भाषेप्रमाणे वेगळी पानं असतील तर एचरेफलँगमधलेही, आणि सोशल मीडियावर शेअर होताना दिसतो तो ओपन ग्राफमधला पत्ताही. साइटमॅपमध्ये फक्त पसंतीचे पत्ते, रिडायरेक्ट होणारा एकही नको, रोबोट्स फाइलमध्ये (क्रॉलरने कुठे जायचं नाही ते सांगणारी फाइल) साइटमॅपचा पत्ता दिला असेल तर तोही बदला.

पायरी ७: सर्च कन्सोल

जुन्या सल्ल्यांमध्ये तुम्हाला "सर्च कन्सोलमध्ये प्रेफर्ड डोमेन निवडा" असं सापडेल. शोधू नका, गूगलने जून २०१९ मध्ये ते सेटिंगच काढून टाकलं. आता तुमची पसंती तुम्ही रिडायरेक्ट, कॅनॉनिकल आणि साइटमॅपमधूनच सांगायची.

तिथे "डोमेन प्रॉपर्टी" बनवा, डीएनएसमध्ये एक टीएक्सटी रेकॉर्ड टाकून ती सिद्ध करावी लागते, पण एकदा केली की चारही प्रकार आणि सगळे सबडोमेन एकाच ठिकाणी दिसतात. नवा साइटमॅप सबमिट करा. पत्ता बदलल्याचं कळवायचं "चेंज ऑफ ॲड्रेस" नावाचं टूल आहे, ते डोमेनच बदललं तर वापरायचं, डब्ल्यू लावणं-काढणं किंवा एचटीटीपीएसवर जाणं यासाठी ते नाही.

आणि दोन गोष्टी अजिबात करू नका. जुना पत्ता रोबोट्स फाइलमध्ये ब्लॉक करू नका, ब्लॉक केलात तर गूगलला तिथलं रिडायरेक्ट दिसणारच नाही. आणि "रिमूव्हल्स" टूलने जुना पत्ता काढायला जाऊ नका, ते टूल एचटीटीपी-एचटीटीपीएस, डब्ल्यूवाला-नुसता असा भेद करत नाही, जुना काढायला जाल आणि नवाही रिझल्टमधून गायब होईल.

पायरी ८: बाहेरच्या जागा

सोशल मीडियाचे प्रोफाइल, ईमेलची सही, जाहिरातींचे लँडिंग पेज. जाहिरातीचा पत्ता रिडायरेक्टवर सोडू नका, मधल्या उडीत क्लिकचा ट्रॅकिंग कोड गळला तर कुठली जाहिरात चालली ते कळत नाही. दुसऱ्यांच्या साइटवरच्या लिंक बदलायला सगळ्यांना मेल करत बसायची गरज नाही, रिडायरेक्ट आहे ना, फार तर सगळ्यात जास्त वाचक पाठवणाऱ्या दोन-चार जणांना विनंती करा.

मग वाट बघायची

मध्यम आकाराच्या साइटची बहुतेक पानं नव्या पत्त्यावर यायला काही आठवडे लागतात, मोठ्या साइटला जास्त. या काळात सर्च कन्सोलच्या पेजेस रिपोर्टमध्ये "पेज विथ रिडायरेक्ट" चा आकडा फुगत जाईल, लोक तो लाल-करडा बघून मला स्क्रीनशॉट पाठवतात. तो फुगायलाच हवा, ते तुमचे जुने पत्ते आहेत. लक्ष ठेवायचं ते "गूगलने युजरपेक्षा वेगळा कॅनॉनिकल निवडला" या ओळीवर. तो आकडा वाढत असेल तर त्यातली दोन-तीन पानं उघडा, बहुतेक वेळा कुठेतरी एखादी जुनी लिंक, जुना टॅग राहिलेला सापडतो. आणि या आठवड्यांत दुसरं काही करू नका, डिझाइन बदलू नका, लेखांचे पत्ते सुधारू नका, नाहीतर आकडे हलले तर कशाने हलले तेच कळणार नाही. आज नुसता, महिन्याने परत डब्ल्यूवाला, हे तर अजिबात नको.

रिडायरेक्ट कधी काढायचं? गूगल म्हणतं किमान वर्षभर ठेवा. मी म्हणतो काढायचंच नाही, त्याला खायला-प्यायला लागत नाही.

एचएसटीएस नावाचं एक सेटिंग पुढे कोणीतरी सुचवेल, त्याने ब्राउझरला सांगता येतं की या साइटवर फक्त एचटीटीपीएसनेच यायचं. चांगलं आहे, पण सगळं स्थिर झाल्यावर, आणि आधी थोड्या मुदतीचं लावून बघा. त्यात "सगळ्या सबडोमेनसकट" असं लिहिलंत आणि एखादा जुना सबडोमेन अजून एचटीटीपीवर असेल तर तो लोकांना उघडणारच नाही. ब्राउझरच्या प्रीलोड यादीत नाव घालायचं असेल तर मुदत किमान ३,१५,३६,००० सेकंद म्हणजे एक वर्ष लागते, आणि तिथे नुसत्या पत्त्याच्या एचटीटीपीने आधी त्याच नावाच्या एचटीटीपीएसवर जायला हवं, म्हणजे डब्ल्यूवाला निवडला असेल तर तेवढ्या एका ठिकाणी दोन उड्या चालवून घ्याव्या लागतात. त्या यादीतून नाव काढायला महिने जातात, त्यामुळे घाई नको.

आणि कॅलेंडरमध्ये तीन महिन्यांनंतरची एक आठवण लावून ठेवा. लेट्स एन्क्रिप्टचं नेहमीचं सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं, एकूणच सर्टिफिकेटची मुदत पुढे अजून कमी होत जाणार आहे, आणि आपोआप रिन्यू होण्याचं सेटिंग कधी कधी फक्त चालू नावासाठी लागलेलं असतं. जुन्या नावाचं सर्टिफिकेट गुपचूप संपतं, तुम्हाला कळत नाही कारण तुम्ही रोज नव्या पत्त्यानेच साइट उघडता, आणि जुन्या लिंकवरून येणाऱ्यांना लाल पाटी दिसत राहते. त्या दिवशी इनकॉग्निटो उघडा, जुना पत्ता एचटीटीपीएस लावून टाइप करा आणि कुलपाच्या जागी क्लिक करून तारीख बघा.